पीजी काढताय? गाद्यांच्या ऑर्डरआधी छतातल्या पाण्याचा हिशेब करा



पीजी आणि हॉस्टेलच्या बिझनेसवर आपण व्हिडिओ केला, त्यानंतर बऱ्याच जणांनी आपापली बजेट शीट पाठवली. मी ती सगळी बघितली. डिपॉझिट, ब्रोकरेज, रंगकाम, बेड, गाद्या, गिझर, वायफाय, सीसीटीव्ही, पाण्याचा फिल्टर, वॉशिंग मशीन, सगळं व्यवस्थित मांडलेलं. कोणी कोणी तर पडद्यांचे रॉडसुद्धा मोजलेत. आणि आग या विषयावर शीटमध्ये एकच ओळ : 'फायर एक्स्टिंग्विशर, नग २'. काही शीटमध्ये तीही नाही.

म्हणून आज जरा नावडत्या विषयावर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, पुढे पटलं तर बघा. जिथे तुम्ही माणसांना झोपण्यासाठी पैसे घेता, मग ते पीजी असो, हॉस्टेल असो, लॉज असो की कामगारांची खोली असो, तिथे छताला पाण्याचे स्प्रिंकलर असलेच पाहिजेत. कायदा तुमच्या इमारतीला ते लावा म्हणत असो वा नसो. आणि तो खर्च धंद्याच्या पहिल्या दिवसाच्या भांडवलात धरायचा, 'नंतर बघू'च्या यादीत नाही.

'सर, आम्ही छोटे लोक, हे मॉलवाल्यांचं काम' असं वाटत असेल तर थोडं थांबा. छोट्यांच्याच जागांबद्दल बोलूया.

डिसेंबर २०१६, पुण्यात कोंढव्याची बेकरी. रात्री आत झोपलेले सहा कामगार गेले, दाराला बाहेरून कुलूप होतं. मे २०१९, पुण्याजवळ उरुळी देवाची, साड्यांचं दुकान. आत झोपलेले पाच कामगार गेले, तिथेही दार बाहेरून बंद. ऑगस्ट २०२३, चिखलीतलं पूर्णानगर, हार्डवेअरचं दुकान, दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातले चौघे. त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी वाळूज एमआयडीसी, हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार. एप्रिल २०२४, छत्रपती संभाजीनगरची छावणी, खाली कपड्यांचं दुकान, वर घर, एकाच कुटुंबातले सात जण. ऑक्टोबर २०२४, चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी, परत खाली दुकान, वर घर, परत एकाच कुटुंबातले सात.

यात एकही मॉल नाही. टॉवर नाही. हे सगळे आपल्यासारखेच लोक होते. दुकान, घर आणि कामगारांची झोपायची जागा एकाच छपराखाली. भाडं वाचतं, माल राखला जातो, सकाळी शटर लवकर उघडतं. धंदा सुरू करताना महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांत आपण असंच करतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण झोपलेला माणूस आणि खालचा पेटलेला माल यांच्यात नक्की काय असतं? बहुतेक वेळा एक लाकडी जिना आणि एक शटर. झालं.

महाराष्ट्राबाहेरचं एक उदाहरण पीजी-लॉजवाल्यांनी लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२२, सिकंदराबाद. खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम, वर लॉज. आग खाली लागली, धूर जिन्यातून वर चढला, आठ जण गेले. लॉजमध्ये उतरलेल्या माणसाला खाली काय चार्ज होतंय याची कल्पनाही नसते. आणि जून २०२४ मध्ये कुवेतमधल्या मंगफला कामगारांच्या निवासी इमारतीत आग लागली, त्यात चाळीसहून जास्त भारतीय गेले. ते रोजगारासाठी गेलेले लोक होते, कंपनीने दिलेल्या खोल्यांत झोपलेले. आग तळमजल्याला लागली होती.

रात्र, झोप, तळमजल्यावरची आग, एकच जिना. बातम्या बदलतात, हे चार शब्द काही बदलत नाहीत.

मग एक्स्टिंग्विशर का पुरत नाही?

एक्स्टिंग्विशर हवाच. पण तो चालवायला जागा असलेला, घाबरलेला नसलेला आणि पिन कशी काढायची हे माहीत असलेला माणूस लागतो. रात्री तीन वाजता तुमच्या पीजीत असा कोण आहे? वॉर्डनकाका खालच्या खोलीत झोपलेत. मुलं कानात इयरफोन घालून झोपलीत. एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन, दोन चार्जर आणि इस्त्री. गादी फोमची. ही फोमची गादी पेटली की खोली आगीने भरायला फार वेळ लागत नाही, मोजक्या मिनिटांचा खेळ असतो. आणि अग्निशमन दल कितीही तत्पर असलं, तरी आपल्या गल्लीतल्या दुतर्फा पार्किंगमधून बंब आत यायचाय.

स्प्रिंकलरला माणूस लागत नाही, हाच त्याचा सगळा मुद्दा.

तो चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण सिनेमाने आपल्या डोक्यात फार चुकीचं चित्र घातलंय. हिरोने काडी पेटवली की संपूर्ण इमारतीत पाऊस सुरू, असं काही होत नाही. छताला जो छोटा नोझल दिसतो त्यात एक बारीक काचेची नळी असते, तिच्यात रंगीत द्रव. लाल द्रव असेल तर साधारण ६८ अंश सेल्सिअसला, नारिंगी असेल तर ५७ ला, पिवळा ७९ ला आणि हिरवा ९३ ला ती नळी तापून फुटते. नळी फुटली की बूच निघतं आणि फक्त त्याच नोझलमधून पाणी येतं. शेजारच्या खोलीतला नोझल तापलेला नसतो, त्यामुळे तो कोरडाच राहतो. धुराने, सिगारेटने, उदबत्तीने काही होत नाही. त्याला फक्त उष्णता कळते. वीज लागत नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना आहे ही.

याचा इतिहास आपल्या कामाचा आहे म्हणून दोन ओळी. अमेरिकेत न्यू हेवन गावी हेन्री पार्मली नावाचा पियानो कारखानदार होता. १८७४ मध्ये त्याने हे यंत्र बसवलं, ते स्वतःचा कारखाना वाचवायला. म्हणजे स्प्रिंकलर सरकारने लादलेला नाही, एका उद्योजकाने स्वतःच्या मालासाठी काढला. पुढची शंभरेक वर्षं तो मुख्यतः गिरण्या आणि गोदामांत राहिला. माणसं मरतात ती घरात, झोपेत, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत १९७५ साली घरांसाठी वेगळं, हलकं आणि स्वस्त मानक आलं. त्याचं नाव एनएफपीए १३डी. त्याचा विचार गिरणीच्या सिस्टीमपेक्षा वेगळा आहे : इमारत वाचली तर उत्तम, पण आधी माणसाला बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे. नंतर चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींसाठी १३आर आलं, म्हणजे बघा, बरोब्बर आपल्या पीजीच्या मापाचं.

वेल्समध्ये याहून पुढची गोष्ट झाली. अॅन जोन्स या तिथल्या लोकप्रतिनिधी बाईंनी विषय लावून धरला आणि २०११ मध्ये कायदा झाला. २०१४ पासून आधी कोणाला सक्ती केली? वृद्धाश्रम, विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि हॉस्टेल. आणि मग जानेवारी २०१६ पासून प्रत्येक नव्या घराला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. परक्यांनी एकत्र झोपायच्या जागा पहिल्या, स्वतःचं घर नंतर. स्वतःच्या घरात काय धोका पत्करायचा ते तुमचं तुम्ही ठरवता. पीजीतल्या मुलाने तुमच्या वायरिंगचा धोका स्वतः ठरवून पत्करलेला नाही. त्याला तो माहीतही नाही.

आणि हे चालतं का? ब्रिटनच्या अग्निशमन दलांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये अभ्यास झाला. जिथे स्प्रिंकलर चालायला हवे होते तिथे ९४ टक्के वेळा ते चालले, आणि चालले तिथे ९९ टक्के वेळा आग विझली किंवा आटोक्यात राहिली. एवढा भरवशाचा सप्लायर मला तरी माझ्या दुकानाला आजवर मिळालेला नाही.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे गप्प बसतो

आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ आहे, त्याचा चौथा भाग आगीवर. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे हायराइज, आणि तिथून नियम कडक होत जातात. आता तुम्हीच सांगा, आपली पीजी कुठे असतात? कोथरूडला, कर्वेनगरला, नाशिकच्या कॉलेज रोडला, संभाजीनगरला औरंगपुऱ्यात? तीन-चार मजली जुन्या सोसायट्या आणि रो-हाउस. उंची १५ मीटरच्या आत. बांधताना ती 'कुटुंब राहतं ती इमारत' म्हणून पास झालेली. तीन खोल्यांत चार माणसं राहायची, तिथे आता आपण बंकबेड टाकून चौदा जण झोपवतो. कागदावर इमारत तीच, आतला धोका मात्र वेगळाच. कोडमध्येही कुटुंबाची घरं, लॉजिंग आणि डॉर्मिटरी हे वेगवेगळे उपगट आहेत, पण वापर बदलला हे सांगायला जातो कोण?

दुसरी गोष्ट, आणि ही भाड्याने जागा घेणाऱ्यांनी दोनदा वाचा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात जबाबदारी फक्त मालकावर नाही, भोगवटादारावरही आहे. पीजी चालवणारे तुम्ही, म्हणजे भोगवटादार तुम्ही. 'बिल्डिंग माझी थोडीच आहे' हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही. कायद्याखाली बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. किती जण देतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

नियमात बसवण्यासाठी लोक काय करतात तेही सांगतो. छताला पाइप दिसतो, नोझल दिसतो, तपासणी होते, फोटो निघतो. पाइपात पाणी नसतं. किंवा एकदा कुठेतरी गळलं म्हणून व्हॉल्व्ह बंद केलेला असतो आणि तो बंदच राहतो. पंपाचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर. रंगारी येतो आणि भिंतीबरोबर नोझललाही पांढरा रंग देऊन जातो. रंग बसला की काचेला उष्णता वेळेत पोहोचत नाही, बूचही अडकतं. पीओपीवाला फॉल्स सिलिंग करतो आणि सगळे नोझल त्याच्या वर गाडले जातात. हॉस्टेलच्या मुलांचं तर विचारूच नका, नोझलला हँगर अडकवून ओली जीन्स वाळत घालतात. अमेरिकेतल्या नोंदींमध्येही स्प्रिंकलर न चालण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे की सिस्टीम आधीच कोणीतरी बंद करून ठेवली होती. म्हणजे आळस जगभर सारखाच.

असं नावापुरतं बसवायचं असेल तर मी म्हणतो बसवूच नका. कारण मग तुम्ही आणि पालक दोघंही निर्धास्त होता, आणि हा निर्धास्तपणा फुकट नसतो.

पैशाचं बोलूया

बीबीएला आम्हाला रिस्क मॅनेजमेंट होतं. त्यात आग हा विषय फक्त विम्याच्या धड्यात आला : प्रीमियम भरा, क्लेम करा. म्हणून बहुतेक जणांच्या डोक्यात आग म्हणजे मालाचं नुकसान. पीजीत माल म्हणजे काय, गाद्या आणि कपाटं. नुकसान कशाचं आहे ते तुम्ही जाणता.

तरी हिशेबच करू. खालचे आकडे बाजारभाव नाहीत, पद्धत कळावी म्हणून धरलेत. तुमच्या शहरातलं कोटेशन घालून परत करा.

समजा १२ खोल्या, ३० बेड, बेडमागे महिना ८,००० रुपये. साध्या निवासी खोलीत एक नोझल साधारण २० चौरस मीटरपर्यंत पुरतो, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला एक बास. पॅसेज, स्वयंपाकघर, कॉमन रूम, जिना धरून वीसेक नोझल होतील. नोझल स्वतः महाग वस्तू नाही. खर्च जातो तो पाइप, पंप, टाकी, व्हॉल्व्ह आणि मजुरीत. समजा सगळं मिळून ३ लाख रुपये आले.

आता बेड सगळे भरत नाहीत, ८० टक्के धरा, म्हणजे २४. पाच वर्षांचा करार, ६० महिने. ३ लाख भागिले २४ भागिले ६० : बेडमागे महिन्याला साधारण २०८ रुपये. देखभालीला वर्षाला १८,००० धरले तर बेडमागे आणखी ६२-६३ रुपये. एकूण २७० च्या आसपास. आठ हजारांच्या बेडवर साडेतीन टक्क्यांहून कमी. दुसऱ्या बाजूने बघा : महिन्याचं तुमचं एकूण भाडं १ लाख ९२ हजार. म्हणजे दीड महिन्याचं कलेक्शन. मुलं सुट्टीवर जातात तेव्हा मे महिन्यात आपण एवढं तसंही गमावतो आणि धंदा काही बुडत नाही.

'पण सर, शेजारचा पीजीवाला साडेसात हजारात देतो.' देऊ दे. तुमचा ग्राहक मुलगा नाही, त्याचे आईवडील आहेत. लातूरहून, यवतमाळहून, सावंतवाडीहून पहिल्यांदा मुलीला पुण्यात सोडायला आलेल्या आईला तुम्ही काय दाखवता? सीसीटीव्ही दाखवता, कारण तो दिसतो. तसंच छताकडे बोट करून सांगा : 'काकू, रात्री या खोलीत काही पेटलं तर हे आपोआप सुरू होतं. आणि हा बघा गेज, पाइपात पाणी आहे.' कोण अडीचशे रुपयांवरून परत जाईल? काही जण जातील, खोटं कशाला बोलू. पण जे राहतील ते दोन वर्षं राहतील.

जागामालकाचा प्रश्न मात्र खरा आहे. पाच वर्षांनी तुम्ही निघाल, पाइप त्याच्या छताला राहतील. तुम्ही त्याच्या इमारतीत तीन लाख का घालायचे? म्हणून ही गोष्ट डिपॉझिट देण्याआधी बोलायची, नंतर नाही. मी तीन पर्याय सुचवतो. एक, खर्च निम्मा-निम्मा. दोन, मालक रोख देत नसेल तर फिट-आउटच्या काळात दोन महिने भाडं माफ मागा, मालकाला खिशातून देण्यापेक्षा ते सोपं जातं. तीन, करारात लिहून घ्या की पाच वर्षांआधी त्याने जागा काढून घेतली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम परत. आणि छताला भोकं पाडायची लेखी परवानगी, मालकाची आणि सोसायटीची, हवीच. मालक कशालाच तयार नसेल तर? मी ती जागा सोडेन. जिना एकच, खिडक्यांना पक्क्या जाळ्या आणि मालक हट्टी, अशा जागेत तीस मुलं झोपवायची नाहीत.

पाण्याने नुकसान होईल ही भीतीही ऐकू येते. एका नोझलमधून मिनिटाला साधारण ५० ते ८० लिटर पाणी येतं. अग्निशमन दलाच्या होजमधून मिनिटाला काही शे लिटर. शिवाय पाइप गळून नुकसान झालं तर? आपल्याकडच्या आगीच्या विम्यात, छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासून जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते तिच्यातसुद्धा, स्प्रिंकलरच्या गळतीने झालेलं नुकसान कव्हर होतं. पॉलिसी हातात घेऊन ती ओळ एजंटकडून दाखवून घ्या, आणि यंत्रणा बसवल्याबद्दल प्रीमियममध्ये काय सवलत मिळेल तेही त्याच बैठकीत विचारा.

गच्चीतली टाकी पुरेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चांगला प्रश्न आहे. उत्तर : पाणी बहुधा पुरेल, दाब पुरणार नाही.

नेहमीच्या नोझलला के-८० म्हणतात. त्यातून किती पाणी येईल याचं सूत्र सोपं आहे, ८० गुणिले दाबाचं वर्गमूळ. अर्ध्या बारला मिनिटाला ५७ लिटर, एका बारला ८०. दोन नोझल एकदम उघडले, ६० लिटरने, अर्धा तास चालले तर ३,६०० लिटर. एवढी टाकी बऱ्याच इमारतींवर असते. पण ते पाणी राखीव हवं. सकाळी आंघोळीला संपणारं पाणी यात मोजायचं नाही. टाकीतला वापराचा पाइप वरच्या पातळीला आणि स्प्रिंकलरचा तळाला, असं केलं की खालचा साठा कोणी हात लावला तरी शिल्लक राहतो. पाणीकपातीच्या दिवसांत याची किंमत कळते.

दाबाचं गणित असं की १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकी वरच्या मजल्याच्या छतापासून तीन-चार मीटरवर असेल तर तिथे दाब ०.३-०.४ बार. तेवढ्यात पाणी नुसतं धारेसारखं गळेल, पसरणार नाही. तळमजल्याला बरं मिळेल, वरच्यांना नाही. म्हणून पंप लागतो. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी कोटेशनवाले बोलत नाहीत. आग लागली की पहिलं काम कोणीतरी मेन स्विच पाडतो, आणि ते बरोबरच आहे. पंप त्याच मेनवर असेल तर तोही बंद. त्यामुळे पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीपासून वेगळी घेतलेली हवी, आणि लोडशेडिंगच्या गावात तिला जनरेटरचा आधार.

नोझल मागवताना 'क्विक रिस्पॉन्स' मागा. त्यातली काचेची नळी ३ मिलिमीटरची असते, साध्यातली ५ ची. बारीक नळी लवकर तापते. गोदामात फरक चालून जाईल, झोपलेल्या माणसाच्या खोलीत नाही. स्वयंपाकघरात जिथे तसंही गरम असतं तिथे जास्त अंशाचा, हे डिझाइन करणारा ठरवेल. पाइप सीपीव्हीसीचा वापरत असतील तर फायरसाठी प्रमाणित असलेलाच. नळाचा सीपीव्हीसी आणि तो एक नव्हे, दिसायला भाऊ असले तरी. आणि कृपया हे काम तुमच्या नेहमीच्या प्लंबरकडून 'जमेल तसं' करून घेऊ नका. आयएस १५१०५ हे आपलं भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे डिझाइन आणि हिशेब देणारी, लायसन्स असलेली एजन्सी घ्या. तीन कोटेशन मागवा. जो फक्त 'नग' आणि 'रनिंग फूट' लिहून देतो आणि सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या नोझलला किती दाब मिळेल ते लिहीत नाही, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.

स्प्रिंकलर काय करत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मी विक्रेत्यासारखा वाटेन. गादी नुसती धुमसत असेल, ज्वाळा नसतील, तर उष्णता वाढेपर्यंत नोझल गप्प राहील आणि धूर मात्र खोलीत भरेल. त्यासाठी प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म हवा, तो वेगळा आणि बराच स्वस्त. जिन्याखालच्या मीटरच्या बॉक्सशेजारी चपलांचं रॅक, जुन्या गाद्या आणि चार्जिंगला लावलेली स्कूटर असेल तर ते आधी हलवा, त्याला एक रुपया लागत नाही. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्या, फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करतो.

आणि ज्यांचं पीजी नाही, फक्त दुकान आहे आणि वर पोटमाळ्यावर पोरगा झोपतो? दोनशे फुटांच्या दुकानात तीन लाखांची यंत्रणा घाला असं मी म्हणणार नाही. तिथे माझं मत वेगळं आहे : झोपायची सोय दुसरीकडे करा. माझ्या दुकानात रात्री कोणी झोपत नाही, राखण कॅमेरा करतो. शेजारी खोली भाड्याने घेऊन दोन-तीन दुकानदारांनी मिळून मुलांना ठेवलं तर महिन्याला माणशी जे पडतं ते परवडतं, करून बघा. आणि तोपर्यंत, आज रात्रीपासून, आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणं बंद. कोंढवा आणि उरुळीला छतात पाणी असतं तरी त्या दाराचं काय केलं असतं?

पीजीची नवी बजेट शीट वेबसाइटवर टाकतोय. त्यात आगीसाठी आता एक ओळ नाही, नऊ ओळी आहेत : नोझल, पाइप, पंप, राखीव टाकी, वेगळी वीज लाइन, धुराचे अलार्म, एक्स्टिंग्विशर, जाळीच्या झडपा, वर्षाची देखभाल. ज्यांनी आधी शीट पाठवली आहे त्यांनी हे रकाने भरून परत पाठवा. जागेचा नकाशा आणि एजन्सीचं कोटेशन सोबत असेल तर पुढच्या लाइव्हमध्ये दोन-तीन शीट आपण ओळीने तपासू. करारावर सही झाली नसेल तर आधी मालकाशी बोलून घ्या.